पायाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही

पातळ कवचावर आपण, खाली उकळता लाव्हा: शाळेपासून डोक्यात बसलेलं हे चित्र चुकीचं आहे. कवचाखालचं प्रावरण तप्त आहे, पण घन खडकाचं.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांनी अनेक वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर काही ठिकाणी प्राथमिक लहरी (भूकंपाच्या सर्वात आधी पोहोचणाऱ्या लहरी) चक्क दोनदा पोहोचलेल्या! एक कवचातून सरळ आलेली. दुसरी खोल उतरून, बायपास धरलेल्या गाडीसारखी लांबून पण वेगात. त्यावरून त्यांनी कवचाची तळसीमा सुमारे ५४ किमी खोल असल्याचं गणित मांडलं. तीच आजची ‘मोहो’. ती ओलांडताच लहरींचा वेग सेकंदाला ८ किमीच्या आसपास जातो.

गोम इथेच आहे. खाली द्रव असता तर वेग वाढण्याऐवजी घटला असता. शिवाय त्यांच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जातच नाहीत, प्रावरणातून मात्र खुशाल जातात. त्या अडतात थेट २,९०० किमीवर, द्रवरूप बाह्य गाभ्यापाशी.

मग ज्वालामुखीतला लाव्हा? दाब कमी झाला किंवा पाणी मिसळलं की प्रावरणाचा थोडासा भाग तेवढ्यापुरता वितळतो. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्टही असाच वर आलेला.