तारा काढल्यावर दात पुन्हा वाकडे का होतात? अक्कलदाढेवरचा आरोप

तेराव्या-चौदाव्या वर्षी दातांना तारा लावल्या, दोनेक वर्षांनी त्या निघाल्या आणि दात सरळ ओळीत आले. पुढे अठरा-एकोणिसाव्या वर्षी खालचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांवर चढू लागतात आणि नेमकी तेव्हाच मागे अक्कलदाढ दुखायला लागते. दोन्ही गोष्टी एकाच वयात घडत असल्यामुळे दोष सरळ दाढेवर जातो. ती मागून ढकलते म्हणून पुढची रांग विस्कटते, असा पक्का समज आहे. निव्वळ या कारणासाठी कितीतरी निरोगी दाढा काढल्या गेल्या आहेत.

हा आरोप तपासून पाहिला की टिकत नाही. बऱ्याच लोकांना चारपैकी एखादी किंवा सगळ्याच अक्कलदाढा मुळात तयारच होत नाहीत. अशा लोकांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर गर्दी करतात. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी ऑर्थोडॉन्टिक, म्हणजे दात सरळ करण्याचे, उपचार घेतलेल्या काही तरुणांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या आणि कोण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. सरासरी साडेपाच वर्षांनी 77 जणांच्या दातांची मापं पुन्हा घेतली, तेव्हा पुढच्या दातांची गर्दी टाळण्यासाठी दाढ काढणं समर्थनीय ठरेल इतका फरक दोन्ही गटांत दिसला नाही.

मग दात सरकतात कशामुळे? त्यासाठी तारांचं काम आधी समजून घ्यायला हवं. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दातावर हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला हा थर दबतो तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवं हाड घातलं जातं. दात हाडातून सरकतो तो असा, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. दात नुसता कलवायला 35 ते 60 ग्रॅम इतका जोर पुरतो. मुळासकट सरळ सरकवायला साधारण त्याच्या दुप्पट लागतो.

जोर वाढवला तर काम लवकर होईल असं वाटतं, पण घडतं उलटंच. जास्त दाबाने तंतूंच्या थरातला रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मृत होतो. ते मृत ऊतक आजूबाजूच्या पेशींनी साफ करेपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही, शिवाय मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणूनच पहिली तार बारीक, गोल आणि निकेल-टायटॅनियमची असते, 0.014 इंच, म्हणजे सुमारे 0.36 मिलिमीटर. ती बरीच वाकवली तरी मूळ आकाराकडे परत येते आणि येताना जोर जवळपास सारखाच ठेवते. दात ओळीत आले की मगच ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, खाचेत बऱ्यापैकी घट्ट बसणारी चौकोनी पोलादी तार येते, कारण मुळाचा कल फिरवायला गोल तार कामाची नाही. दर भेटीत तार घट्ट करायचा आग्रह धरणाऱ्या रुग्णांना हे नीट समजावून सांगायला हवं.

तारा निघतात त्या दिवशी दात सरळ दिसतात, पण त्यांना धरून ठेवणारे तंतू अजून ताणलेलेच असतात. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हिरडीतले, हाडाच्या वरच्या कडेजवळचे लवचिक तंतू मात्र वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतात, आणि फिरवून सरळ केलेल्या दाताला ते पुन्हा जुन्या दिशेला ओढतात. त्यात भर म्हणजे खालचा जबडा किशोरवयाच्या शेवटीही थोडा वाढत असतो आणि दातांच्या कमानीची लांबी वयाबरोबर हळूहळू कमी होते. कधीच तारा न लावलेल्या लोकांमध्येही हे घडतं.

म्हणून अक्कलदाढेचा निर्णय तिच्या स्वतःच्या गुणदोषांवर घ्यावा. ती साधारण 17 ते 25 या वयात वर येते. खालच्या जबड्यात जागा कमी पडली की ती पुढच्या दाढेकडे कलून अडकते. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पडदा राहतो. त्याखाली अन्न आणि जंतू साचतात, हिरडी सुजते, तोंड पूर्ण उघडत नाही, गिळताना दुखतं. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दाढ काढणं योग्य. त्याहून चोरटा प्रकार म्हणजे तिच्या टेकण्यामुळे पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूला लागणारी कीड. ब्रश तिथे पोहोचत नाही आणि दुखू लागेपर्यंत चांगली दाढ हातची जाण्याची वेळ येते. त्यामुळे त्रास नसला तरी अडकलेली दाढ तपासणीत आणि एक्स-रेमध्ये अधूनमधून पाहत राहावी.

काढायची ठरली तर पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये मुळं खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत ते पाहतात. मुळावर नसेची काळी पट्टी उमटलेली दिसली किंवा नसेच्या नळीची पांढरी कड तुटलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन काढणं शहाणपणाचं. काढल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढून कानाकडे जात असेल, तर खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं. वेदनाशामक घेत घरी बसून न राहता खळगा धुऊन त्यात औषध भरून घ्यावं.

तारांच्या उपचारात दाढ काढावी लागते तीही ठरावीक ठिकाणी. दाढांची सगळी रांग मागे सरकवायची असेल तर तिथे जागा हवी. जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाडाचा छेद नेमका तिथूनच जाणार असेल तर ती बहुधा काही महिने आधी काढतात. उलट, पुढची दाढ आधीच गमावली असेल तर निरोगी अक्कलदाढ तारांनी पुढे आणून तिच्या जागी बसवता येते. उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा) काढून उपचार केले असतील तर दाढा पुढे सरकल्यामुळे अक्कलदाढेला बऱ्याचदा जागाही मिळते. त्यामुळे ती काढण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला विचारलेलं बरं.

दात जागेवर ठेवायचं काम रिटेनरचं. खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेली तार सोयीची, पण तिच्यात एक खोट आहे: एकाच दातावरचा चिकटवलेला थेंब सुटला तरी बाकीचे तिला धरून ठेवतात आणि काही कळत नाही. तो एक दात मात्र महिन्याभरात फिरतो. रोज ब्रश करताना जिभेने प्रत्येक थेंब चाचपावा. काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात धुऊ नये, तो वाकतो. मध्ये काही दिवस खंड पडल्यावर तो थोडा घट्ट लागला तर चालतं, पण पूर्ण बसतच नसेल तर जोर लावून दाबू नये, त्याच आठवड्यात दाखवावा. दात थोडाच सरकला असेल तर अनेकदा नवा रिटेनर पुरतो.