डिस्ट्रिक्ट नर्स आणि हेल्थ व्हिजिटर: दोघींत फरक काय?

1950 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एखाद्या गिरणगावात गडद निळ्या कोटातली बाई दाराशी सायकल टेकवताना दिसली, तर ती डिस्ट्रिक्ट नर्स की हेल्थ व्हिजिटर, हे नवख्याला सांगता येणं कठीण. 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिच्या 1946 च्या कायद्यातही दोघी शेजारीशेजारीच आहेत: कलम 24 हेल्थ व्हिजिटरचं, कलम 25 घरगुती शुश्रूषेचं.

फरक ओळखायचा तर विचारायचं, हिला बोलावलं कुणी?

डिस्ट्रिक्ट नर्स यायची ती घरात कुणी अंथरुणाला खिळलं म्हणून, बहुतेकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आली की टेबलावर वर्तमानपत्र पसरायची, त्यावर आपली बॅग ठेवायची, कोट काढून उलटा घडी करायची, हात धुवायची. सिरिंज घरातल्याच पातेल्यात उकळायची. मग इन्सुलिन किंवा पेनिसिलिनचं इंजेक्शन, पायाच्या जुन्या जखमेचं ड्रेसिंग, म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातच अंग पुसून देणं. 1859 मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरी पाठवलं, तिथून ही परंपरा निघाली. रॅथबोन यांच्या पत्नीची शेवटच्या आजारात शुश्रूषा तिनेच केली होती. 1948 पूर्वी कित्येक ठिकाणी लोक आठवड्याला थोडी थोडी वर्गणी भरून नर्स ठेवत. ती त्यांची हक्काची होती, म्हणून तिला दार उघडायला कुणी कचरत नसे.

हेल्थ व्हिजिटरला कुणी बोलावलेलं नसायचं. जन्माची नोंद पालिकेत पोचली की साधारण दोन आठवड्यांनी, सुईणीचं काम संपल्यावर, ती दारात हजर. बाळ धडधाकट, आईही बरी, मग ही कशाला आली? ती नर्स तर होतीच, वर सुईणीच्या कामाचं शिक्षण आणि वेगळं प्रमाणपत्रही तिच्याकडे होतं, पण मलमपट्टी हे तिचं काम नव्हतं. दूध कसं पाजायचं, घटसर्पाची लस कधी टोचायची, संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर ऑइल कुठे मिळतं, हे ती सांगायची. तिला घरात शिरायचा कायदेशीर अधिकार नव्हता. आईने दार लावून घेतलं तर परत फिरायचं आणि पुन्हा यायचं. मला हे काम जास्त अवघड वाटतं. ड्रेसिंग झालं की रोग्याला लगेच बरं वाटतं, पण न झालेला घटसर्प कुणाला दिसणार?

आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलं 'एलएचव्ही' म्हणजे लेडी हेल्थ व्हिजिटर हे नाव याच दुसरीच्या घराण्यातलं.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत मात्र कित्येकदा ही वाटणी नसे. पहाटे बाळंतपण, सकाळी आजोबांचं इंजेक्शन, दुपारी तान्ह्या बाळाचं वजन, सगळं एकाच बाईकडे, एकाच सायकलवर.