दहा टक्के आणि ब्लॅक बुक

मुंबईतल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट म्हणजे ब्लॅक बुक. काळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे आणि आत 'हे काम माझे स्वतःचे आहे' अशा मजकुराखाली सही. बाइंडिंग जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे होते. आधीच्या बॅचची सॉफ्ट कॉपीही बऱ्याचदा तिथेच मिळते. त्याआधीच्या वर्षांत प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, उतरवून काढायची रीत होतीच, आणि तिला चोरी म्हणायचे कुणाच्या मनातही येत नसे.

२०१० पासून प्राध्यापकांची बढती छापलेल्या शोधनिबंधांच्या गुणांशी जोडली गेली, निबंधांचा पूर आला आणि उचलेगिरीचा प्रश्न वरच्या पातळीवर पोहोचला. जुलै २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची उचलेगिरीविरोधी नियमावली आली. प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा. ६० पर्यंत असेल तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर मनाई. त्यापुढे नोंदणीच रद्द.

घोळ झाला तो पहिल्या पायरीवर. 'दहा टक्के चालतं' हा तिचा अर्थ स्टाफरूमपासून कँटीनपर्यंत पसरला. टक्केवारी काढणारे सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजते. दोनशे पानांच्या प्रबंधात दुसऱ्याची दोन पाने नाव न देता घातली, तर ती एक टक्काच भरतात. चोरी मात्र ती असतेच. उलट, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची मोजणीतून वगळावीत, असे हीच नियमावली सांगते. पण संदर्भ कसा द्यायचा हे शिकवण्याऐवजी आकडा कसा खाली आणायचा हेच शिकवले गेले. शब्द फिरवून देणाऱ्या साधनांची चलती झाली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले शोधनिबंध २०२१ मध्ये जगभर गाजले, ते यातूनच.

गंमत म्हणजे असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका या नियमावलीने व्याख्येतच वगळल्या आहेत. म्हणजे ब्लॅक बुकला ही टक्केवारी लागूच नाही, तरी कित्येक कॉलेजे सॉफ्टवेअरचा साम्याचा रिपोर्ट जोडायला लावतात. दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्या, पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा करा, ही त्याच नियमावलीतली कलमे मात्र कागदावरच राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा सक्तीचा अभ्यासक्रम मंजूर झाला, तोही पीएचडीसाठी. तोवर विद्यार्थ्याची उतरवून काढायची सवय पुरती मुरलेली असते.

मराठी माध्यमात तर आणखी वेगळी पळवाट आहे: इंग्रजी लेखाचे भाषांतर केले की शब्द जुळवणारी तपासणी बहुधा चुकते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्याचा मजकूर जुन्या कशाशीच फारसा जुळत नाही, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणून काही परीक्षक आता तोंडी परीक्षेत ब्लॅक बुक मधूनच उघडतात आणि विचारतात, "ही आकडेवारी कुठून घेतलीस?"