जास्त वॅटचा रेडिओ लांब ऐकू जातो, हा गैरसमज

सोनेगावची विमानं बघत वाढलेल्या आम्हा नागपूरकरांतही एक समज घट्ट बसलाय: छोट्या विमानात जास्त वॅटचा व्हीएचएफ सेट (वैमानिक टॉवरशी बोलतो तो रेडिओ) लावला की आवाज लांब जातो. तसं नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात; क्षितिजाआडच्या विमानतळाच्या टॉवरला वॅट वाढवून गाठता येत नाही. पल्ला ठरवते उंची. जमिनीपासून १,००० फुटांवर साधारण ७० किलोमीटर, ४,००० फुटांवर त्याच्या दुप्पट.

आधी अँटेना बघा, अगदी कळकळीनं सांगतो. सुमारे ६० सेंटिमीटरच्या त्या दांडीखाली धातूचा पत्रा लागतो. कापडी किंवा फायबरच्या विमानात तो मुद्दाम बसवावा लागतो. केबलचा जोड सैल असेल, तर महागडा सेटही मुकाच.