चॉपर आणि क्रूझर: फरक हँडलात नाही, मानेत आहे

खोलगट सीट, वर उचललेलं हँडल, पुढे पसरलेले पाय. एवढं दिसलं की जळगाव असो, धुळे असो, गाडी चॉपर ठरते. पेट्रोल पंपावर कोणीतरी विचारतंच, "भो, हाई चॉपर शे का?" आणि मालकही हो म्हणून मोकळा होतो, कारण ऐकायला बरं वाटतं. खरं तर आपल्याकडे शोरूममधून येणारी ही गाडी क्रूझर असते. फार तर चॉपरचा साज चढवलेली क्रूझर.

फरक ओळखायचा तर हँडल, आरसे, सायलेन्सर सगळं विसरा आणि गाडीकडे बाजूने बघा. पुढचं चाक धरणारे दोन दांडे म्हणजे फोर्क; तो चेसिसला जिथे जोडलेला असतो ती चेसिसची मान. ती उभ्या रेषेपासून किती कललेली आहे, त्या कोनाला रेक म्हणतात. रोजच्या वापराच्या बाइकचा रेक साधारण २४ ते २७ अंशांत असतो. होंडाने २००९ साली 'फ्युरी' नावाची गाडी आणली. मोठ्या कंपनीने थेट कारखान्यातून चॉपरच्या घाटाची गाडी काढावी, हे तेव्हा नवलच होतं. तिचा रेक ३८ अंश. अमेरिकेत १९६०च्या दशकात लोकांनी गॅरेजमध्ये बनवलेल्या चॉपर तर याच्याही पुढे जायच्या. चेसिस मानेपाशी कापायची, जास्त कलवून पुन्हा वेल्ड करायची, लांब फोर्क लावायचा, मागचे शॉकअप काढून टाकायचे. पुढचं मडगार्ड जायचंच, कित्येकदा पुढचा ब्रेकसुद्धा! त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर, बॉबरची हवा होती. तिच्यात मडगार्ड छाटून गाडी हलकी करत, पण मानेला सहसा हात लावत नसत.

क्रूझर ही कारखान्यात, हिशोबाने बनते. बुटकी सीट, कमी आरपीएमला ओढणारं इंजिन, शॉकअप जागच्या जागी, मागे बायकोला बसायला नीट जागा. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० घ्या. ३४९ सीसी, २० बीएचपीच्या थोडी वर ताकद आणि २७ एनएम टॉर्क, तोही ४००० आरपीएमलाच. इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८५.८ मिमी; थोडक्यात पिस्टन लांब पल्ल्याचा. ही गाडी टॉप गिअरला ८०-८५ वर सोडून द्यावी आणि धक-धक ऐकत जावं. ११० ला पिळायला घेतली तर ती नाराज होते, आणि तिचं बरोबरच आहे.

आता चालवताना काय होतं ते. हँडलचा दांडा ज्या रेषेत कललेला आहे ती रेषा जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असला की वेगात चाक स्वतःहून सरळ राहायला बघतं. धुळे-पारोळा-एरंडोल अशा सरळसोट महामार्गावर चॉपर रुळावर बसल्यासारखी जाते ती यामुळे. तीच गाडी जळगावात फुले मार्केटच्या गर्दीत घाला. चालण्याच्या वेगात हँडल थोडं वळवलं की पुढचं वजन त्या बाजूला खाली बसतं आणि हँडल हातातून आणखी वळायला बघतं. मनगटं भरून येतात आणि रिक्षावाला मागून हॉर्न देतच असतो.

त्यात चाकांमधलं अंतर. स्प्लेंडरचं १२३६ मिमी, मिटिऑरचं १४००, बजाज अ‍ॅव्हेंजर २२० चं १४९०, फ्युरीचं सुमारे १८००. जितकं अंतर जास्त, तितकी वळायला जागा जास्त. तोरणमाळच्या सातपायरी घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडला चढताना हे आकडे थेट अंगावर येतात. अ‍ॅव्हेंजरला वळण थोडं आधीपासून धरावं लागतं, एवढंच. खऱ्या चॉपरला मात्र आतल्या बाजूचं वळण घेताना समोरच्याची लेन उसनी घ्यावी लागते, आणि समोरून येते ती बहुधा एसटी.

पाय पुढे ठेवायची ऐट दोन्हींत आहे आणि तिची किंमतही दोन्हींत आहे. साध्या बाइकवर खड्डा आला की फुटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येतं. इथे ते जमत नाही, हादरा सरळ माकडहाडाला. क्रूझरचे शॉकअप निदान निम्मं दुखणं पितात. मागे शॉकअपच नसलेल्या चॉपरवर यावल-रावेर भागातले, केळीच्या ट्रॅक्टरांनी दाबलेले रस्ते चालवून बघायची माझी इच्छा नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की उंच हँडलमुळे उघडी पडलेली छाती गरम वारा सरळ घेते. बागायती रुमाल तोंडाला बांधता येतो, छातीला कुठे बांधणार?

मधली वाट म्हणजे रॉयल एनफिल्डने २०२४ च्या नोव्हेंबरात आणलेली गोअन क्लासिक ३५०. उंच हँडल, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, ७५० मिमी उंचीची तरंगती सीट, सगळा थाट जुन्या अमेरिकन गॅरेजचा. पण इंजिन तेच ३४९ सीसी आणि चाकांमधलं अंतर १४०० मिमी, मिटिऑरइतकंच. शुद्धतावादी नाक मुरडतील. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांना हाच सौदा परवडणारा आहे: दिसायला चॉपर, वळायला साधी बाइक.

घरच्या क्रूझरची चॉपर करून घेण्याचा मोह मात्र आवरा. नुसता लांब फोर्क लावला की गाडीचं नाक वर जातं, हेडलाइट झाडांवर पडतो, साइडस्टँड तोकडा पडतो. मान न कापता फक्त 'टी', म्हणजे फोर्कचे दांडे मानेशी धरून ठेवणारी पट्टी, कलती बसवली तर ट्रेल उलट कमी होतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.

कोणी जुनी 'चॉपर' स्वस्तात देत असेल तर टाकीच्या पुढे, मानेभोवती बोट फिरवून बघा. कारखान्याचं वेल्डिंग एकसारखं लागतं. नंतरचं असेल तर गाठी लागतात किंवा पुट्टी मारून वर ताजा रंग असतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, टाकीला घासतंय का बघा, लॉक बसतंय का बघा. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा. तो बहुतेक गाड्यांत याच मानेवर कोरलेला असतो, आणि मान कापताना गॅस कटर आधी तिथेच फिरतो.