बसथांब्याला ‘खाच’ हवीच का?

सोलापुरात सात रस्ता असो की आसरा चौक, बसथांब्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘फुटपाथ कापून बससाठी खाच करा, मागची वाहतूक अडणार नाही.’ पुणे-हैदराबाद महामार्गावर, जिथे गाड्या वेगात असतात, तिथे हे बरोबरच. शहरात मात्र उलटं पडतं. खाचेत आधी रिक्षा लागते, मग भज्यांची गाडी. बस तिरकी होऊन रस्त्यातच थांबते. आत शिरलीच, तर बाहेर पडायला तिला वाट कोण देतो? शिवाय कापला जातो तो चालणाऱ्यांचाच फुटपाथ.

त्यापेक्षा पार्किंगच्या पट्ट्यात फुटपाथच पुढे आणावा, म्हणजे बस सरळ कडेला लागते. कडेची उंची 15 सेंमीपर्यंत, आणि निवाऱ्याचे खांब असे रोवावेत की चालायला किमान 1.8 मीटर मोकळे राहतील. सायकलपट्टा निवाऱ्याच्या मागून न्यावा. पुढून नेला की उतरणाऱ्याच्या पायात चाक आलंच.

झेब्रा पट्टे उभ्या बसच्या मागे आखावेत. पुढे आखले, तर 12 मीटरच्या बसआडून निघालेली आजी ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीवाल्याला शेवटच्या क्षणीच दिसते.