स्थानिक हवामान अंदाजाची पार्श्वभूमी : देशाच्या मान्सूनपासून गावावरच्या ढगापर्यंत

आपल्या गावात आज दुपारी पाऊस पडेल का, हा शेतकऱ्याचा सर्वांत जुना प्रश्न असला, तरी भारतातील हवामान खात्याची उभारणी त्यासाठी झाली नव्हती. १८६४ मध्ये चक्रीवादळाने कलकत्त्यात प्रचंड मनुष्यहानी केली, १८६६ आणि १८७१ मध्ये मान्सूनने दगा दिला आणि या आपत्तींनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. जहाजांना वादळाचा इशारा मिळावा आणि दुष्काळाची चाहूल आधी लागावी, या तेव्हाच्या सरकारच्या निकडीच्या गरजा होत्या. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा मान्सूनशी संबंध लावून १८८६ पासून हंगामी अंदाज देण्यास सुरुवात केली. पुढे विभागाचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचे धागे थेट प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाच्या चढउतारांपर्यंत नेले. हे काम फार मोलाचे होते. मात्र त्याचा आवाका सगळा देश आणि सगळा हंगाम असा होता, त्यामुळे एखाद्या तालुक्यावर दुपारी उठणारा ढग त्यात दिसणे शक्यच नव्हते.

ढगांच्या नोंदी मात्र होत होत्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ ची आणि तिथे हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ पासून आहेत. लंडनचे औषधव्यावसायिक ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांची सिरस (पिसासारखे), क्युम्युलस (ढिगासारखे), स्ट्रेटस (थरासारखे) अशी वर्गवारी मांडली होती. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह, म्हणजे ढगांच्या प्रकारांचा सचित्र संदर्भग्रंथ, निघाला आणि जगभरच्या निरीक्षकांना एकसारखी नोंद करणे सोपे झाले. आजही निरीक्षक ढगाचा प्रकार आणि आकाशाचे किती अष्टमांश ढगांनी झाकले आहे, हे लिहून ठेवतो.

ढग तयार होण्याचे मूळ कारण एकच असते. हवा वर चढते, तिथे दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने संपृक्त होईपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते आणि नंतर तिच्यातले बाष्प मीठ, धूळ किंवा धुराच्या सूक्ष्म कणांवर जमू लागते. हवा कशामुळे आणि किती वेगाने चढते, यावर ढगाचा प्रकार अवलंबून असतो, आणि महाराष्ट्रात हा फरक फार ठळकपणे दिसतो. जून ते सप्टेंबर समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. तिथले बरेचसे ढग फारसे उंच नसतात, त्यांच्यात बर्फही नसतो, थेंबांवर थेंब आदळून ते मोठे होतात आणि महाबळेश्वरला दिवसेंदिवस संततधार लागते. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव याहून अगदी वेगळा. तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते, दुपारी दिसणारा पांढरा क्युम्युलस तासा-दोन तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग, होतो, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि वीज, वादळी वारा, प्रसंगी गारा असे सगळे घेऊन तो एका शिवारावर कोसळतो. शेजारचे शिवार कोरडेच राहते. स्थानिक अंदाजाची खरी अडचण हा ढग आहे, कारण त्याचे सारे आयुष्यच जेमतेम तासाभराचे असते.

शेतीच्या दृष्टीने हवामानाकडे पाहण्याची सुरुवात पुण्यात झाली. १९३२ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली तिथे कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता दिली जाऊ लागली. तरीही ‘तुरळक ठिकाणी’ यापलीकडे नेमके स्थान सांगण्याचे साधन कित्येक दशके हाती नव्हते. ही उणीव २६ जुलै २००५ रोजी ढळढळीतपणे समोर आली. त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिथून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. ढगातले थेंब आणि वारा दोन्हींचा वेध घेणारे डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हते. माझ्या मते महाराष्ट्रापुरता स्थानिक अंदाजाचा इतिहास या दिवसापासून वेगाने पुढे सरकला. कुलाब्याला डॉप्लर रडार आले, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली आणि २०२२ मध्ये मुंबईतच वेरावली येथे दुसरे रडार सुरू झाले.

ढगांच्या अंतरंगाचा अभ्यासही याच काळात वाढला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ मध्ये विमानातून ढगांची मोजणी करणारी मोहीम हाती घेतली आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली. तिथे पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकत असल्याने त्यांचे थेंब जागेवरच मोजता येतात. याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही संगणकीय अंदाजप्रणाली मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली आणि ज्या चौकोनांत नकाशा विभागून अंदाज काढला जातो, त्या जाळीचा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आला. वळवाच्या ढगातला हवा वर खेचणारा गाभा बहुधा याहूनही अरुंद असतो. म्हणून कोणत्या तालुक्यात गडगडाटी पावसाची शक्यता आहे हे आदल्या दिवशी सांगता येते, पण प्रत्यक्ष कोणत्या गावांवर ढग येत आहे, हे रडारवर तो दिसू लागल्यानंतर दिल्या जाणाऱ्या पुढच्या तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यांतूनच कळते.